‘एकूण’ खोडा, बाई

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून विज्ञानाच्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं: विज्ञान दिनाला शाळेत पंचवीस गुणांची प्रश्नमंजूषा झाली. पहिलं बक्षीस छोटी दुर्बीण. अठरावा प्रश्न होता, ‘विश्वाला एकूण किती मिती आहेत?’ पर्याय ३, ४, १० आणि ११. उत्तरसूचीत ४. नववीतल्या मुलीला २४ गुण मिळाले, ती पहिली आली. आठवीतल्या मुलाला २३; चुकलेल्या दोनांपैकी एक हा प्रश्न, त्यानं ११ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील मोबाइल घेऊन मुख्याध्यापकांकडे आले. व्हिडिओत शास्त्रज्ञच अकरा म्हणतात, मग माझ्या मुलाचा गुण का कापला? स्टाफरूममध्ये संस्कृतचे सर म्हणाले की आपल्याकडे आधीपासून चौदा आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, ‘सोमवारपर्यंत काय ते ठरवा.’ बाई लिहितात, ‘माझं बी.एस्सी. केमिस्ट्रीत झालं. खरं उत्तर तुम्ही सांगा म्हणजे मी उत्तरसूची बदलायची की नाही ते ठरवीन. भीती एवढीच, की मुलांसमोर चूक कबूल केली तर उद्या ती माझं काहीच खरं मानणार नाहीत.’

बाई,

तुमचा अठरावा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला आणि त्यातल्या एका शब्दाभोवती पेन्सिलीनं गोल केला. ‘एकूण’. भांडण आकड्यावरून पेटलं असलं तरी काडी या शब्दानं टाकली आहे. पण त्याच्याकडे नंतर येते.

मिती म्हणजे ठिकाण सांगायला लागणारे आकडे, एवढंच आधी धरून चाला. ठिबकची नळी फुटली आहे आणि कुठे ते गड्याला सांगायचंय. ‘कॉकपासून वीस फुटांवर’ एवढं पुरतं, एक आकडा. शेतातली विहीर दाखवायची तर बांधापासून किती आणि रस्त्यापासून किती, दोन आकडे. त्या विहिरीत मोटर कुठे अडकली आहे ते सांगायला खोलीही सांगावी लागते, तीन. आणि मोटरवाल्याला तिथे बोलवायचं असेल तर तो किती वाजता येणार हेही ठरायला हवं, चौथा आकडा. लाइट रात्री येणार की दिवसा यावर तुमच्या भागात या चौथ्या आकड्याची किंमत बाकी तिन्हींपेक्षा जास्त असते हे मला ठाऊक आहे.

मग तीन की चार? दोन्ही. अवकाशाच्या तीन, काळाची एक. काळाला मिती म्हणून अवकाशाच्या शेजारी बसवलं हर्मान मिन्कोव्स्की या गणितज्ञानं, १९०८ साली, जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या व्याख्यानात. झ्युरिकला आइनस्टाइन त्याचा विद्यार्थी होता आणि त्याच्याच १९०५च्या सापेक्षतेच्या कामाला मिन्कोव्स्कीनं हे रूप दिलं. पण शेजारी बसवलं म्हणजे सारखं झालं असं नाही. त्याच्या सूत्रात अवकाशाचे वर्ग एका चिन्हानं येतात आणि काळाचा उलट चिन्हानं. विहिरीत खालीवर करता येतं, कालच्या दिवसात परत उतरता येत नाही. म्हणून भौतिकशास्त्राची माणसं बरेचदा नुसतं ‘चार’ न म्हणता ‘तीन अधिक एक’ म्हणतात. तुमच्या पेपरात एखाद्या मुलानं ३ लिहिलं असेल आणि त्याच्या मनात अवकाश असेल, तर तोही चुकलेला नाही. त्याचे वडील मोबाइल घेऊन आले नाहीत, एवढाच फरक.

आता अकराकडे वळू, कारण मुलाचे वडील ते हवेतून आणत नाहीत.

१९१९ साली क्योनिग्सबर्ग विद्यापीठात थिओडोर कालुझा नावाचा एक अध्यापक होता. आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं त्यानं अवकाशाची एक मिती वाढवून लिहून पाहिली. म्हणजे काळ धरून पाच. त्यातून एकीकडे गुरुत्वाकर्षण बाहेर पडलं आणि दुसरीकडे, न बोलावता, विद्युतचुंबकत्वाची समीकरणं. त्यानं हे आइनस्टाइनला कळवलं. आइनस्टाइनला कल्पना आवडली, मग शंका आल्या, आणि लेख छापून यायला १९२१ उजाडलं. आइनस्टाइनलाही इतका वेळ लागला. तुमचे मुख्याध्यापक तुम्हाला सोमवारपर्यंतची मुदत देतात!

पाचवी मिती असेल तर ती दिसत का नाही? याचं उत्तर १९२६मध्ये ऑस्कर क्लाइननं दिलं: ती गुंडाळलेली आहे. पुन्हा ठिबकच्या नळीकडे या. बांधावरून पाहिलं तर ती काळी रेघ दिसते. पण नळीवरच्या मुंगीला विचारा. तिला नळीच्या लांबीनं चालता येतं तसं नळीभोवती फिरूनही येता येतं. आपल्याला रेघ दिसते तिथे तिला प्रत्येक जागी एकेक गोल सापडतो. क्लाइनच्या हिशोबानं तो गोल किती लहान? सेंटीमीटरमध्ये लिहायचा तर दशांश चिन्हानंतर सुमारे तीस शून्यं आणि मग कुठे एक आकडा. प्रोटॉनपेक्षाही एकावर सतरा शून्यं इतक्या पटीनं लहान. तिथे फिरेल अशी मुंगी अजून कुणाकडे नाही.

पुढे तंतूंचा सिद्धान्त आला, ज्याला सगळे स्ट्रिंग थिअरी म्हणतात. मूलकण हे ठिपके नसून थरथरणारे बारीक तंतू आहेत अशी कल्पना. तिचं गणित मांडलं की काही जागी ते बिघडतं, संभाव्यता शून्याखाली जाते वगैरे. मितींची संख्या अमुक धरली की बिघाड नाहीसे होतात. सुरुवातीच्या आवृत्तीत ती संख्या निघाली २६. पुढे सुधारलेल्या आवृत्तीत १०. अशा दहा मितींच्या पाच वेगवेगळ्या आवृत्त्या झाल्या, आणि १९९५मध्ये एडवर्ड विटननं सुचवलं की या पाचही एकाच सिद्धान्ताची वेगवेगळी रूपं असावीत. त्या सिद्धान्ताच्या मिती ११. तुमच्या पालकांच्या व्हिडिओतला अकरा तो हा. त्यात काळाची एक धरलेली आहे, म्हणजे अवकाशाच्या दहा.

हे गणित उथळ नाही. आपल्याकडच्या अशोक सेन यांच्यासारख्या माणसांनी त्यात आयुष्य घातलं आहे. पण ते ‘जर’नं सुरू होतं. जर निसर्ग तंतूंचा असेल, तर मिती इतक्या. तो तसा आहे का, हे कोणत्याही प्रयोगानं अजून दाखवलेलं नाही. आणि गुरुत्वाकर्षण व अणूंच्या जगाचं क्वांटम गणित एकत्र कसं बसवायचं, या तंतूवाल्यांच्याच प्रश्नाच्या मागे लागलेली दुसरीही वाट आहे, ती धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला जन्मलेल्या माणसाची. अभय अष्टेकरांनी १९८६मध्ये आइनस्टाइनची समीकरणं नव्या चलांत लिहिली. त्यातून लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. तिला जादा मितींची गरज लागत नाही, तीन अधिक एकवर भागतं. तीही प्रयोगानं सिद्ध झालेली नाही. तेव्हा ‘शास्त्रज्ञ अकरा म्हणतात’ या वाक्यात ‘काही’ हा शब्द गाळलेला आहे आणि ‘जर’ही.

तुमच्या पत्रात एक समजूत अशी दिसते की तीन म्हणजे जुनं, चार म्हणजे त्याहून नवं आणि अकरा म्हणजे आजचं. जणू मोबाइलचं मॉडेल, आकडा मोठा तर वस्तू भारी. मीही यात फसलेली आहे. कॉलेजात शिकवायला लागले त्या सुमाराला एका व्याख्यानात मी ‘दहा मिती आहेत’ असं ऐटीत ठोकून दिलं, आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं, ‘कुणी मोजल्या?’ मी फळा पुसायला वळले. फळा कोराच होता.

मोजता मात्र येतात, आणि तुमच्या प्रयोगशाळेत येतात. खोली अंधारी करा. साधा एलईडी बल्ब होल्डरला लावून टेबलावर ठेवा. अँड्रॉइड मोबाइलवर लक्स मीटरचं, म्हणजे उजेड मोजायचं, फुकट अ‍ॅप घ्या. सेन्सर बहुधा समोरच्या कॅमेऱ्याजवळ असतो, ती बाजू बल्बकडे. अर्ध्या मीटरवर आकडा घ्या, मग एक मीटरवर. पहिला ४०० आला तर दुसरा १००च्या आसपास यायला हवा. अंतर दुप्पट, उजेड चौथाई. कारण बल्बाभोवतीचा गोल दुप्पट त्रिज्येचा झाला की त्याचं पृष्ठफळ चौपट होतं आणि तेवढाच उजेड त्यावर पसरतो. अवकाश दोन मितींचं असतं तर उजेड अर्धाच झाला असता, २००. चार मितींचं असतं तर आठवा हिस्सा, ५०. मुलांनी मोबाइलवर १००च्या जवळचा आकडा वाचला की त्यांनी अवकाशाच्या मिती मोजल्या: तीन. पाठ केल्या नाहीत. टॉर्च मात्र घेऊ नका. तिच्यातल्या आरशामुळे उजेड एका दिशेला ढकलला जातो आणि हिशोब चुकतो. पांढऱ्या भिंतीही घोटाळा करतात; प्रयोगशाळेचे काळे पडदे असतील तर लावा. पहिल्या खेपेला १३० आला तर घाबरू नका, का आला ते शोधायला मुलांना लावा. अर्धा तास त्यातच जाईल, आणि तोच तासाचा चांगला भाग असेल.

दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात तुम्ही हाच व्यस्त वर्गाचा नियम शिकवता. तिथला वर्ग, तो वर लिहिलेला दोन, मुळात तीन वजा एक आहे. मितींची संख्या त्या सूत्रात पहिल्यापासून बसलेली आहे, आपण ती मुलांना दाखवत नाही. पॉल एरनफेस्टनं १९१७ सालीच हे उलट्या बाजूनं पाहिलं होतं: अवकाशाला चार मिती असत्या आणि गुरुत्वाकर्षण अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटत गेलं असतं, तर ग्रहांच्या कक्षा टिकल्या नसत्या. जरा धक्का लागला की ग्रह एक तर सूर्यात, नाही तर कायमचा बाहेर.

हुशार मूल इथे तुम्हाला अडवेल. बल्बनं फक्त उजेडाच्या मिती मोजल्या. उजेड तीन मितींत अडकलेला असेल आणि गुरुत्वाकर्षण मात्र आणखी कुठे पाझरत असेल तर? शंका खरी आहे. १९९८मध्ये तीन भौतिकशास्त्रज्ञांनी नेमकं हेच मांडलं, आणि अशी लपलेली मिती चक्क मिलिमीटरएवढी असू शकेल असं सुचवलं. तसं असेल तर अगदी जवळच्या दोन वस्तूंमधलं गुरुत्वाकर्षण नियमापेक्षा वेगळं वागायला हवं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात एक गट वर्षानुवर्षं हे मोजतो आहे. साधन म्हणाल तर बारीक तारेला टांगलेली तबकडी आणि तारेला पडणारा पीळ. कॅव्हेंडिशनं १७९८मध्ये असंच काहीसं वापरलं होतं, यांचं फार नाजूक. २०२०मध्ये त्यांनी छापलं की ५२ मायक्रॉनपर्यंत व्यस्त वर्गाचा नियम जसाच्या तसा आहे. ५२ मायक्रॉन म्हणजे बारीक केसाची जाडी. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेच्या मोठ्या यंत्रात, कण आदळल्यावर थोडी ऊर्जा दुसऱ्या मितीत निसटते का, तेही शोधून झालं. तसं काही सापडलं नाही.

लांबच्या टोकाला १७ ऑगस्ट २०१७ची गोष्ट सांगा, ती मुलांना आवडेल. सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवर दोन न्यूट्रॉन तारे आदळले. त्यांच्या गुरुत्वीय लहरी इथे पोचल्या आणि पावणेदोन सेकंदांच्या आत गॅमा किरणही. गुरुत्वाकर्षण वाटेत दुसऱ्या मितींत पाझरलं असतं तर लहरी अपेक्षेपेक्षा क्षीण होऊन आल्या असत्या. उजेडावरून काढलेल्या अंतराशी त्या जुळल्या: तीन अधिक एक. अशा लहरी टिपणारं केंद्र, लायगो-इंडिया, तुमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं त्याला मंजुरी दिली. नागनाथाच्या देवळाला सहल जातेच, तेव्हा त्या बाजूला बोट दाखवून ही गोष्ट सांगा.

संस्कृतच्या सरांशी वाद घालू नका. चौदा भुवनं ही ठिकाणं आहेत, मिती नव्हेत. चौदा मजल्यांच्या इमारतीतही घराचा पत्ता तेवढ्याच आकड्यांत सांगता येतो. सातवा मजला ही काही सातवी मिती होत नाही. सरांना हे पटेल. त्यांनाही बहुधा फक्त मजा करायची होती.

आता तुमचा गोल केलेला शब्द. ‘एकूण’ म्हटलं की लपलेल्या, गुंडाळलेल्या, अजून न शोधलेल्या सगळ्या मिती हिशोबात येतात, आणि त्यांची संख्या पृथ्वीवर कुणालाच माहीत नाही. केसाच्या जाडीपर्यंत पाहिलं, पुढचं बाकी आहे. म्हणून तुमचं ४ हे मोजमाप म्हणून बरोबर, ‘एकूण’ म्हणून सिद्ध न झालेलं. ११ हे ‘एकूण’ म्हणूनही सिद्ध न झालेलं आणि मोजमाप म्हणून तर नाहीच. उत्तरसूची अकरा करू नका. तसं केलंत तर जो मोठ्यानं बोलला त्याचं उत्तर खरं, हे पोरं शिकतील, आणि पुढच्या वर्षी दहावाले पालक येतील, त्यांच्याकडेही व्हिडिओ असेल. दोघांनाही गुण देऊन टाकण्याचा मोह होईल, तो टाळा. मग तीनवाल्यांनी आणि दहावाल्यांनी काय पाप केलं? प्रश्नच रद्द करा. सगळ्यांचे गुण २४ पैकी मोजा. तुमच्या मुलीचे २३ होतात, मुलाचेही २३. दोघं संयुक्त पहिली.

जाहीर करण्याआधी त्या मुलीला एकटीला बोलवा. तिनं काही चूक केलेली नाही आणि तिचा एक गुण जातो आहे, हे तिला परिपाठाच्या रांगेत उभं राहून कळता कामा नये. तिला विचारा, चार का लिहिलंस? मुलालाही तेच विचारा, अकरा का? दोघांपैकी कुणी कारण दिलं तर ते माझ्यापर्यंत पोचवा. माझा अंदाज, दोघांनीही आकडा ऐकला होता. तरी आठवीतला मुलगा पुस्तकाबाहेरचं काही ऐकून ते पेपरात लिहायचं धाडस करतो, हे चांगलं लक्षण आहे. वडिलांच्या आवाजाचा राग त्याच्यावर निघू देऊ नका. वडिलांना त्या बल्बच्या तासाला बोलवा आणि मोबाइल त्यांचाच वापरा. व्हिडिओ चूक म्हणू नका. तो ‘जर’ कुठे आहे तेवढं दाखवा.

चूक कबूल केली तर मुलं विश्वास ठेवणार नाहीत, ही तुमची भीती मला समजते, पण अनुभव तसा नाही. ‘मी प्रश्न चुकीचा विचारला, कसा चुकला ते दाखवते’ असं म्हणून तुम्ही फळ्यावर ‘एकूण’ लिहून खोडलात तर त्या वर्गाला ते दहा वर्षांनीही आठवेल. जयंत नारळीकर मुलांनी सही मागितली की सांगायचे, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. तुमच्याही वर्गात एक डबा ठेवा. त्यात आलेला जो प्रश्न तुम्हाला येत नाही तो भिंतीवर लावा, खाली तारीख घाला, आणि उत्तर सापडलं की तीही तारीख घाला. ‘विश्वाच्या एकूण मिती किती?’ हा कागद तिथे बरीच वर्षं राहील.

तुमच्यासारखेच प्रश्न काढणारे बरेच जण हे सदर वाचतात, म्हणून त्यांनाही सांगते. पेपर छापायला देण्याआधी ‘एकूण’, ‘सर्वात’, ‘जगातला पहिला’ हे शब्द शोधा आणि प्रत्येकापाशी थांबा. हाच प्रश्न ‘आजवर प्रयोगांनी तपासलेल्या अवकाशाच्या मिती किती?’ असा विचारला असता तर कुणी मुख्याध्यापकांकडे गेलं नसतं. आणि घरी जेवताना पोरानं विचारलं तर ‘तीन अधिक एक मोजल्या, पुढचं शोधताहेत’ हे उत्तर आमटी वाढता वाढता देता येतं.

राहता राहिली दुर्बीण. ती मुलीकडून परत मागू नका. शाळेच्या निधीतून दुसरी आणता आली तर उत्तम. नाही जमलं तर दोघांनी मिळून वापरावी, पण पाळी पंधरवड्याची लावू नका, महिन्याची लावा. पंधरवड्याची लावलीत तर एकाच्या वाट्याला दर वेळी कृष्णपक्ष येईल, चंद्र पाहायला त्याला रात्री जागावं लागेल, आणि वडील पुन्हा मुख्याध्यापकांच्या दारात.